भुरीवर तेल मारायचं, पण पंपात तवंग नको

मार्गशीर्षात सकाळी आठ वाजले तरी आमच्या रानात समोरचं माणूस दिसत नाही. नृसिंहवाडीच्या संगमाजवळचा हा पट्टा. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, त्यामुळं धुकं नदीवरनं चालत आल्यासारखं मांडवात शिरतं. दुपारी मात्र लख्ख ऊन. दिवसा कोरडं, रात्री ओल आणि वेलाखाली दाट सावली मिळाली की काकडीवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठीसारखी बुरशी, यायला आणखी काही लागत नाही. तिच्यावर मी निंबोळीचं किंवा खाण्याचं तेल पाण्यात मिसळून फवारते.

पहिला ठिपका बहुतेक वेळा खालच्या, जुन्या, सावलीतल्या पानावर असतो. तांदळाच्या पिठीचं बोट टेकवावं तसा. अंगठ्यानं पुसला तर पुसला जातो आणि खालचं पान हिरवंच निघतं. हा अंगठा मी मुद्दाम सांगते, कारण तेल कुठं चालेल आणि कुठं वाया जाईल ते त्यावरनंच कळतं. भुरीची बुरशी पानाच्या वर पसरते, आत फक्त सालीच्या पेशीत मुळ्या रोवते. ती उघड्यावर बसलेली असते म्हणून तेल तिला गाठतं. जी बुरशी पानाच्या पोटात शिरलेली आहे तिला तेल काही करत नाही. एवढं एक डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी रोग कोणता ते बघा

आमच्याकडं पानावर काहीही दिसलं की ‘करपा आला’ म्हणायची पद्धत आहे. दुकानात जाऊन तसंच सांगितलं जातं आणि तसंच औषध हातात पडतं. तेल मारायचं असेल तर ही सवय मोडावी लागते.

काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांच्या पानावर वरच्या बाजूला पिवळे, शिरांच्या मधे कोंडल्यासारखे कोनाकोनाचे डाग असतील आणि सकाळी दव असताना पान उलटल्यावर खाली करडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा, म्हणजे ज्याला मिरज-तासगावचे द्राक्षवाले डाऊनी म्हणतात तो. त्याची लवसुद्धा बोटाला लागते, पण पुसल्यावर खालचं पान पिवळं पडलेलं असतं, हिरवं नसतं. हा रोग आत वाढतो. तेलानं तो थांबत नाही. टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा, रोपवाटिकेतली रोपमर, मिरचीची मर, हे सगळे या यादीतले. टोमॅटोचा लवकर येणारा करपा, ज्यात डागात एकात एक वर्तुळं दिसतात, त्यावरही तेलाच्या भरवशावर राहू नये.

मिरची आणि ढोबळी मिरचीचं प्रकरण जरा फसवं आहे. तिथं भुरी पानाच्या खालच्या बाजूला येते, वरनं नुसते फिकट पिवळे डाग दिसतात, आणि या भुरीची जात वेगळी असल्यानं ती पानाच्या आतही वाढते. पॉलिहाउसमधल्या ढोबळीवर पांढरी लव दिसल्यावर तेल मारून उपयोग होत नाही. दिसायच्या आधीपासनं, तेही पानाच्या खालनं मारत गेलं तर थोडा आधार होतो. मी स्वतः मिरचीवर तेलाच्या नादाला लागत नाही.

म्हणजे तेलाचं खरं रान कुठलं? काकडी, दोडका, भोपळा, कारलं, भेंडी, वाटाणा. आणि हंगाम म्हणाल तर पाऊस उघडल्यावर दसऱ्यापासनं पुढं शिमग्यापर्यंत. भुरीला इतर बुरशींसारखं पानावर पाणी साचलेलं लागत नाही, उलट पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसाळ्यात तेल मारायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिथं त्या दिवसांत केवडा आणि करपा असतो, आणि तेलही धुऊन जातं.

एक गोष्ट राहिली. भुरीच्या पानावर पिवळेधमक, ठिपके नसलेले छोटे ढालकिडे फिरताना दिसले तर मारू नका. ते पान खात नाहीत, भुरी खातात. आमच्या शेजारी एकानं ‘किडा आला’ म्हणून त्यांच्यावर विषारी औषध मारलं होतं.

तेल काय करतं

तेलाचा पातळ थर बुरशीच्या धाग्यांवर आणि बीजाणूंवर बसतो, त्यांना गुदमरवतो, नवे बीजाणू पानाला चिकटू देत नाही. मारल्यावर काही तासांनी बघा, पांढरी पिठी ओली होऊन राखाडी दिसते, मग चपटी होऊन पानाला चिकटून वाळते. हे विष नाही, गुदमरवणं आहे. म्हणून बुरशी त्याला सरावत नाही, जशी ती आंतरप्रवाही औषधांना दोन-तीन हंगामांत सरावते. फायदा हा. तोटा असा की जिथं तेल लागलं नाही तिथं काहीच झालेलं नसतं. आंतरप्रवाही औषध पानात शिरून पलीकडं पोचतं, तेल पोचत नाही. लाल कोळी, मावा, पांढरी माशीही याच कारणानं काही प्रमाणात कमी होते, तो वरचा नफा.

कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीवरचा उपयोग किती जुना, यावरनं एकदा युरोपात खटला झाला होता. १९९४ साली युरोपियन पेटंट ऑफिसनं अमेरिकेचं शेती खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना, कडुनिंबाच्या तेलानं झाडांवरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं पेटंट दिलं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या बरोबरच्यांनी हरकत घेतली. ही गोष्ट भारतात आधीच वापरात होती याच्या पुराव्यात १९८५ आणि १९८६ सालच्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत घेतलेल्या शेतातल्या चाचण्या पुढं आल्या. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ साली अपीलही फेटाळलं. सांगली म्हणजे आमच्या उदगावचा पूल ओलांडला की आलंच. म्हणजे युरोपात नवा शोध म्हणून गेलेली गोष्ट आमच्या वेशीवर आधीच मारून झालेली होती.

तेल कुठलं घ्यायचं

कृषी सेवा केंद्रात निंबोळी तेल मागितलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती पीपीएमचं देऊ?’ तीनशे, पंधराशे, दहा हजार. आकडा मोठा तर औषध जोराचं, असं वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हा अझाडिरेक्टिन या निंबोळीतल्या द्रव्याचा आहे, आणि अझाडिरेक्टिन किडीसाठी असतं. भुरीवर काम करतं ते तेल. तीनशे पीपीएमवालं, म्हणजे ०.०३ टक्के अझाडिरेक्टिनवालं, निंबोळी तेलापासनंच बनवलेलं असतं. दहा हजारवाल्या बाटलीत अर्क जास्त आणि त्यामानानं तेल कमी असू शकतं. किमतीत मात्र ती कितीतरी वर. भुरीसाठी मी तेलावर आधारित साधी बाटली घेते किंवा घाण्याचं शुद्ध निंबोळी तेल आणते. लेबल वाचून घ्या, आणि तयार औषध असेल तर प्रमाण लेबलवरचंच धरा.

घाण्याचं तेल आणलं तर थंडीत ते तुपासारखं गोठतं. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवायची, गॅसवर नाही. वास उग्र, लसणीसारखा. तो हाताला दोन दिवस राहतो.

निंबोळी तेल नसेल तर स्वयंपाकघरातलं चालतं. सोयाबीन, सरकी, सूर्यफूल, यांतलं कुठलंही रिफाइंड तेल भुरीवर बऱ्यापैकी काम करतं, वास नाही आणि पानाला सौम्य. शेंगतेलानंही होईल, पण ते रश्श्यात घालायचं की रानात, हा प्रश्न आमच्या घरात तरी सुटत नाही. जवसाचं नको, ते वाळून पानावर पापुद्रा धरतं. आणि भजी-वडे तळून उरलेलं जळकं तेल तर अजिबात नको. तळून तळून त्यातली आम्लं मोकळी होतात, पानं भाजतात, वर मिठाचा अंश.

लवंग, दालचिनी, गवती चहा अशी सुगंधी तेलं बुरशी मारतात हे खरं आहे, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत. शेतात ती उडून जातात आणि जरा जास्त झाली की पान जाळतात. लवंगेचं तेल काही देशांत तणनाशक म्हणून विकलं जातं, यावरनं काय ते समजा.

पाणी आणि मिसळण

खरं काम इथं आहे. तेल मारून फायदा झाला नाही म्हणणारे दहा जण भेटले तर त्यातल्या बहुतेकांनी तेल पाण्यात नुसतं ओतलेलं असतं. ते वर तरंगतं. पंपाची नळी तळातनं पाणी ओढते, म्हणजे पहिल्या दहा सरींवर नुसतं पाणी पडतं आणि शेवटच्या दोन सरींवर घट्ट तेल. पहिल्या सरीत भुरी तशीच, शेवटच्या सरीत पानं जळलेली. तांबड्या रश्श्यावर तवंग शोभतो, पंपात नाही.

पाण्यापासनं सुरुवात करा. आमच्या शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन पुष्कळ आणि बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबण फाटतो, पांढऱ्या गुठळ्या होतात आणि तेल सुटं पडतं. मी पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनचं नदीचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून निवळून घेते. बोअरच असेल तर साबण सोडा आणि दुकानातनं चांगलं स्प्रेडर, म्हणजे फवारा पानावर पसरवणारं द्रव, घ्या, ते जड पाण्यात फाटत नाही.

आता साबणाची पद्धत, पंधरा लिटरच्या एका पंपासाठी. तेल ७५ मिली. लिटरला पाच मिली झालं, अर्धा टक्का. भांडी घासायचा पातळ साबण १५ ते २० मिली. धुण्याची पावडर नको, त्यात सोडा असतो. एका लिटरच्या बाटलीत आधी तेल आणि साबण घालून चांगलं हलवायचं, दोन्ही एकजीव झालं पाहिजे. मग कोमट पाणी थोडं थोडं घालत बाटली हलवत जायचं. पहिल्या घोटाला ते दहीसारखं घट्ट होतं, मग हळूहळू पातळ दुधासारखं होतं. ते दूध झालं की पंपात अर्धं पाणी भरून त्यात ओतायचं, वरनं उरलेलं पाणी सोडायचं. उलटं केलं, म्हणजे पंपभर पाण्यात तेल ओतून मग साबण टाकला, तर कितीही ढवळा, जमत नाही.

पंप पाठीवर घ्यायच्या आधी काचेच्या ग्लासात थोडं मिश्रण काढून बांधावर ठेवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. वर थोडी साय आली आणि हलवल्यावर मिसळली तर ठीक. वर स्वच्छ, पिवळी, चकचकीत तेलाची कडी दिसली तर मिश्रण फुटलं. ते तसंच मारू नका, थोडा साबण वाढवून पुन्हा घुसळा. चांगलं मिश्रणही फार वेळ टिकत नाही. दोन तासांत मारून संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. मारताना मधे मधे पंप हलवायचा.

दुसरी पद्धत अंड्याची. ही कोरियातल्या शेतकऱ्यांची, आणि मला तीच जास्त आवडते. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाणी साबणापेक्षा घट्ट बांधतं आणि पानालाही सौम्य. वीस लिटर पाण्याला एक बलक आणि ६० मिली तेल, रोग यायच्या आधी. रोग दिसला असेल तर एक बलक आणि १०० मिली तेल. पंधरा लिटरच्या पंपाला हेच ४५ आणि ७५ मिली पडतं, बलक एकच. मिक्सरच्या भांड्यात बलक आणि कपभर पाणी दोन-तीन मिनिटं फिरवायचं, मग तेलाची धार सोडत आणखी चार-पाच मिनिटं. पांढरं, जाड, मलईसारखं होतं. ते गाळून पंपात. गाळणं चुकवू नका, बलकाची पातळ साल नोझलमध्ये अडकते. पांढरं घेऊ नका, ते घरात ऑम्लेटला वापरा. मिक्सर मात्र रानातल्या कामाचा वेगळा ठेवा, नाहीतर सासूबाई काय म्हणतील ते लिहिण्यासारखं नाही. शिरोळ-हातकणंगले भागात जैन शेतकरी बरेच. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी सोयाबीनचं लेसिथिन घ्यावं, किंवा साबणाची पद्धत धरावी.

खाण्याच्या सोड्याबद्दल कुणीतरी विचारतंच. तेल आणि सोडा मिळून भुरीवर चालतो, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गुलाबावर आणि वेलवर्गीय पिकांवर तपासलेलं आहे. पण सोड्यातलं सोडियम पानाच्या कडा जाळतं आणि शेवटी जमिनीत जातं. आधीच क्षारानं पांढऱ्या पडलेल्या रानात आणखी सोडियम कशाला? हवंच असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या. दुधाचंही तसंच. ब्राझीलमध्ये १९९९ साली भोपळ्याच्या जातीच्या झुकिनीवर दहा टक्के दूध मारून भुरी आवरल्याचं दाखवलं गेलं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला हे सांगून बघा.

गंधकाशी वैर

भुरीवर आपल्याकडचं जुनं, भरवशाचं औषध म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक. ते वाईट नाही. पण गंधक आणि तेल जवळ आले की पान जळतं. दोन्हींमध्ये किमान पंधरा दिवस अंतर हवं, आधी दोन्हींपैकी कुठलंही मारलेलं असो. मी हे ऐकून होते, पण एका वर्षी भुरी हाताबाहेर चालली होती, गंधक मारून सहा दिवस झाले होते, आणि औषध घेतलं त्या दुकानात ‘काही होत नाही हो, मारा’ म्हणाले. मारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तव्यावर भाजलेल्या पापडासारख्या, तपकिरी, चुरचुरीत. वेल मेले नाहीत, पण पंधरा दिवस नवी कळी धरली नाही, आणि काकडीत पंधरा दिवस म्हणजे सात-आठ तोडे. कॅप्टन या औषधाबरोबरही तेल नको. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा दुसऱ्या तांबेयुक्त औषधात मिसळू नका.

जळण्याची बाकीची कारणं हवामानाची. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तेल मारायचं नाही. म्हणजे आमच्याकडं होळीनंतर दुपारचं कामच नाही. पाणी कमी पडलेल्या, माना टाकलेल्या वेलावर मारायचं नाही, आदल्या दिवशी ठिबक चालवा. लागण करून आठ-दहा दिवस झालेल्या कोवळ्या रोपांवर नाही. कोबी, फ्लॉवर, वाटाणा, कांदा यांच्या पानावर मेणाची राख असते, तेल ती पुसून टाकतं. त्यातल्या वाटाण्यावर भुरी जोरात येते म्हणून तिथं मारावं लागतं, पण कमी प्रमाणात, लिटरला तीन मिली.

नवं तेल, नवा साबण, नवं वाण, यांतलं काहीही पहिल्यांदा असेल तर सरीच्या टोकाचे पाच-सहा वेल निवडून त्यावर मारा, दोन दिवस थांबा. कोवळ्या पानांच्या कडा बघा. तेलकट, पारदर्शक डाग दुसऱ्या दिवशीही तसेच असतील तर प्रमाण कमी करा.

मारायचं कसं, कधी

आधी तोडा, मग फवारणी. निंबोळीचा वास काकडीला दोन दिवस सोडत नाही. एकदा मी घाईत फवारणीनंतर सकाळी तोडा केला, तर अडतीवर व्यापाऱ्यानं काकडी नाकाला लावली आणि पेटी बाजूला सरकवली. तेव्हापासनं काकडीला सोयाबीन तेल आणि भोपळ्याला निंबोळी, अशी वाटणी करून टाकली.

फवारणीच्या आदल्या दिवशी सगळ्यात जास्त भुरी असलेली खालची पानं काढा. कात्रीनं कापून हळूच पिशवीत घालायची, झटकायची नाहीत, नाहीतर बीजाणू आपणच सगळ्या मांडवात पेरतो. पिशवी रानाबाहेर नेऊन पुरा. यानं हवा खेळते आणि तेलही आत पोचतं. निम्मं काम या कापणीत होतं, असं माझं मत आहे.

वेळ फुलांवरनं ठरवा. काकडी, कारलं, तांबडा भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, मधमाश्या सकाळी येतात. त्यांच्यावर दुपार उतरल्यावर, चार ते पाचच्या दरम्यान मारायचं. दोडका आणि दुधीची फुलं उलट संध्याकाळी उघडतात, तिथं सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते दहाच्या सुमाराला. अगदी सांजेला, दिवे लागल्यावर मारू नका. थंडीत लगेच दव पडतं, पान रात्रभर ओलं राहतं, आणि तेल वाळायला दोन-तीन तास मिळालेच पाहिजेत. धुक्याच्या सकाळी तर थांबलेलंच बरं.

नोझल बारीक फवारा देणारं, पोकळ शंकूचं घ्या. जुनं, भोक मोठं झालेलं नोझल थेंब टाकतं, फवारत नाही. आधी पानाच्या खालनं वर मारायचं, मग वरनं. मांडवाला आत शिरून, नळी वर धरून मारावं लागतं, बाहेरून उभं राहून नाही. पान ओलं झालं पाहिजे, पण टोकातनं निथळायच्या आत हात पुढं सरकला पाहिजे. पूर्ण वाढलेल्या मांडवाला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. दहा गुंठ्यांना तीन ते चार पंप. एका पंपात दहा गुंठे उरकले असं कुणी सांगितलं तर त्यानं भुरीला नुसतं हळदी-कुंकू केलं, असं समजा. तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, हातात मोजे. वनस्पतीचं तेल असलं तरी साबणाबरोबर डोळ्यात गेलं की चांगलंच झोंबतं.

पहिली फवारणी पहिला ठिपका दिसताच. चौथ्या दिवशी मी त्याच पानाकडं परत जाते, त्याला सुतळी बांधून ठेवलेली असते. ठिपका राखाडी, चपटा, कडा न वाढलेली असेल तर चाललंय. कडेनं ताजी पांढरी पिठी उठली असेल तर मिश्रण नीट नव्हतं किंवा तिथं तेल पोचलं नव्हतं. रोग असेल तर पाच ते सात दिवसांनी दुसरी, मग दहा ते चौदा दिवसांनी. सलग तीन-चार झाल्या की थांबा. तेलाचे थर साचले की पानाची श्वासरंध्रं बुजतात, पान अन्न कमी करतं, वेल रोडावतो. आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हाच चौथाई पानं पांढरी झालेली असतील तर तेलात वेळ घालवू नका. गंधक किंवा कृषी विज्ञान केंद्रातनं सांगतील ते औषध घ्या. कणेरी आणि तळसंदे, दोन्हीकडं केंद्रं आहेत, पान पिशवीत घालून घेऊन जा.

जुन्या, भुरीनं पांढऱ्या झालेल्या प्लॉटला लागून नवी लागण करू नका. बीजाणू वाऱ्यानं येतात, मग रोज तेल मारलं तरी पुरत नाही.

पंपाची एक गोष्ट

गेल्या थंडीत भावकीतला एक पोरगा सकाळी सकाळी दारात.

“काकू, तुमच्या तेलानं माझं रान जाळलं की हो!”

बघायला गेले. काकडीची पानं जळलेली नव्हती. अरुंद झालेली, शिरा एकत्र आल्यासारख्या, शेंडे पंज्यासारखे वाकडे.

“पंप कुठला वापरलास रे?”

“घरातलाच.”

“त्यातनं उसाला काय मारलं होतंस?”

त्यावर तो काही बोलला नाही. उसातल्या तणाला टू-फोर-डी मारलेला पंप नुसता पाण्यानं विसळून काकडीत आणला होता. वेलवर्गीय पिकं आणि टोमॅटो या औषधाला फार नाजूक, पंपाच्या रबरात आणि नळीत राहिलेला अंश पुरतो, आणि तेल-साबणाचं मिश्रण तो अंश आणखी सोडवून बाहेर काढतं. ऊस हे आपल्या जिल्ह्याचं पीक, त्यामुळं हा धोका घराघरात आहे. तेलासाठी पंप वेगळाच हवा. आमच्या पंपावर ह्यांनी लाल ऑइलपेंटनं ‘भाजी’ लिहून ठेवलंय.

काम झालं की त्याच संध्याकाळी कोमट साबणाच्या पाण्यानं पंप धुवायचा, नळीतनं आणि नोझलमधनं तेच पाणी मारून काढायचं, मग दोनदा साधं पाणी. तेल राहिलं तर वॉशर फुगतो आणि दुसऱ्या फवारणीला दट्ट्या वर येत नाही. नोझलचं भोक तारेनं कोरू नका, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा. निंबोळी तेलाची उरलेली बाटली घट्ट बूच लावून, उन्हापासनं लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात. वर्षापेक्षा जुनं, आंबूस वास आलेलं तेल मी दाराच्या बिजागऱ्यांना लावते.